प्रकल्प नोंदी: परत आलेल्या ६१ फाइली

३ मार्च २०२५, सोमवार

वाचनालयाने जानेवारीत पाठवलेल्या, जुन्या अहवाल-मासिकांच्या १४८ पीडीएफपैकी ६१ परत आल्या. सोबत एका ओळीचा ईमेल: या फाइली पीडीएफ/ए-२बी नाहीत, ३१ मार्चपर्यंत दुरुस्त करून पाठवा. ग्रंथपाल बाईंनी तो ईमेल छापून माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला होता.

"आपल्याकडे तर सगळ्या उघडतायत रे," बाई म्हणाल्या.

उघडतात हे खरंच आहे. बाईंना समजावलं ते असं: पीडीएफ/ए म्हणजे आपला शिधा बरोबर घेऊन निघालेली फाइल. फॉन्ट पोटात हवेत, रंग कसे समजायचे तेही पोटात हवं. पासवर्ड नको, जावास्क्रिप्ट नको, बाहेरच्या कशावरही भिस्त नको. पन्नास वर्षांनी कोणाच्याही यंत्रावर पान जसंच्या तसं दिसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. मानक आयएसओ १९००५. त्याचा पहिला भाग २००५ चा, दुसरा २०११ चा. आपल्याकडे मागितलाय तो दुसरा, त्यातली 'बी' पातळी. या पातळीत पान दिसायला बरोबर असलं की झालं. आतला मजकूर अर्थाने बरोबर आहे का, हे ती विचारतच नाही.

माल असा: १९३१ ते २००८ चे वार्षिक अहवाल आणि बांधीव मासिकं. स्कॅनिंग आणि ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखणं) आधीच्या मुलाने केलं होतं, तो आता पुण्याला नोकरीला गेला. त्याची स्क्रिप्ट लॅपटॉपवर आहे. टेसरॅक्टने मजकूर ओळखायचा, घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ/ए करायचं, बस. कॉमेंट एकही नाही.

४ मार्च, मंगळवार

व्हेरापीडीएफ हे पीडीएफ/ए तपासणारं साधन बसवलं. युरोपियन युनियनच्या पैशातून तयार झालेलं, फुकट आणि मुक्त. ६१ फाइली त्यातून काढल्या.

पहिल्या फेरीत अर्धा तास वाया. सेटिंग 'आपोआप ओळख' असं ठेवलं होतं. फाइलच्या मेटाडेटात (फाइलबद्दलच्या माहितीत) पीडीएफ/ए असल्याचा उल्लेखच नसला, तर हा गडी तिला १बी धरून तपासतो आणि भलत्याच कलमांचा पाढा वाचतो. २बी सक्तीने निवडल्यावर अहवाल कामाचा झाला.

वर्गवारी: ३८ फाइलींत पीडीएफ/ए असल्याचा दावाच नाही, त्या निव्वळ साध्या पीडीएफ आहेत. ९ फाइलींत रंगाची तक्रार. ११ फाइली छातीठोकपणे 'मी पीडीएफ/ए' म्हणतात, पण फॉन्ट पोटात नाहीत. उरलेल्या ३ किरकोळ.

त्या ११ चं कोडं संध्याकाळी सुटलं. मेटाडेटात भाग २, पातळी बी अशा दोन ओळी कोणीतरी हाताने घातल्यात. पीडीएफ उघडल्यावर वर निळी पट्टी येते, माणूस खूश. दाराला पाटी लावली म्हणून आत दवाखाना असतोच असं नाही.

५ मार्च, बुधवार

३८ चा उलगडा झाला, आणि राग आला.

स्क्रिप्ट घोस्टस्क्रिप्टचे सगळे संदेश एका लॉग फाइलीत टाकते आणि ती फाइल कोणी उघडत नाही. आज उघडली. प्रत्येक वेळी एकच ओळ: डॉक्युमेंटच्या माहितीतला यूटीएफ-१६ मजकूर एक्सएमपीत (मेटाडेटा लिहायच्या साच्यात) मांडता येत नाही, म्हणून साध्या पीडीएफवर परत जात आहे.

यूटीएफ-१६ मजकूर म्हणजे काय, तर शीर्षक. मराठीतलं शीर्षक. ज्या फाइलींचं शीर्षक 'अॅन्युअल रिपोर्ट' असं रोमन लिपीत होतं त्या सगळ्या सुखरूप पोचल्या. 'वार्षिक अहवाल' लिहिलेल्या अडतीसच्या अडतीस परत.

प्रक्रिया अशी: पीडीएफ/ए करताना घोस्टस्क्रिप्टला न चालणारी गोष्ट सापडली तर काय करायचं, ते एका 'पॉलिसी' आकड्यावर ठरतं. ० म्हणजे पीडीएफ/एचा नाद सोड आणि साधी पीडीएफ काढ. १ म्हणजे नडणारी गोष्ट गाळ आणि पीडीएफ/ए काढ. २ म्हणजे काम थांबव. काहीच सांगितलं नाही तर ०. आणि ० ची गंमत म्हणजे साधी पीडीएफ काढूनही प्रोग्राम 'यशस्वी' म्हणूनच बाहेर पडतो. स्क्रिप्ट तेवढंच बघत होती.

दुरुस्ती: पॉलिसी २ केली. अडलं तर बोंब तरी मारेल. शीर्षक घोस्टस्क्रिप्टकडे द्यायचंच नाही. पीडीएफ/ए तयार झाल्यावर पायथनच्या पाइकपीडीएफ लायब्ररीने एक्सएमपीत घालायचं. तिथे देवनागरीला कसलीच आडकाठी नाही. शेवटी परत व्हेरापीडीएफ. ३८ पैकी ३८ पास.

बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे मराठी लिहिलं म्हणून नापास?" जवळपास तसंच.

७ मार्च, शुक्रवार

रंगाच्या नऊ. मासिकांची मुखपृष्ठं बाहेरून स्कॅन करून आणली होती, ती सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगांतली) जेपेग निघाली. फाइलीत रंगाची व्याख्या एसआरजीबीची, म्हणजे पडद्याच्या रंगांची. व्हेरापीडीएफचं बोट कलम ६.२.४.३ वर, बरोबरच आहे. घोस्टस्क्रिप्टला रंग आरजीबीत बदलायला सांगितले.

मध्येच 'फाइल उघडायची परवानगी नाही' हा अडथळा. फाइल तिथेच, परवानग्या ठीक. कारण: घोस्टस्क्रिप्ट ९.५० पासून सुरक्षित मोड आपणहून चालू असतो, त्यामुळे रंगाची आयसीसी फाइल वाचायलाही वेगळी मुभा द्यावी लागते. इंटरनेटवरचे जुने धडे सुरक्षित मोड बंदच करा म्हणतात. तसं केलं नाही, त्या एका फाइलीपुरती मुभा दिली.

१० मार्च, सोमवार

खोटी पाटी लावलेल्या अकरा. १९९८ ते २००८ चे अहवाल. ते स्कॅन केलेलेच नाहीत, त्या वेळच्या डीटीपीवाल्याने दिलेल्या मूळ पीडीएफ आहेत. मला वाटलं, हे सगळ्यात सोपं काम. जुन्या स्क्रिप्टला राम राम करून ओसीआरमायपीडीएफ हे ओसीआर आणि पीडीएफ/ए दोन्ही करणारं साधन वापरायला घेतलं, ते पॉलिसीची वगैरे काळजी स्वतःच घेतं. पहिली फाइल घातली. व्हेरापीडीएफ: पास. हिरवी खूण.

फाइल उघडली. पहिल्या पानावर वाचनालयाच्या नावाच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं. ई वर टोपी, ओ वर दोन टिंबं, मध्ये एखादं पौंडाचं चिन्ह. चाळीस पानं, सगळी तशीच. शिल्लक रकमेचे आकडे तेवढे शाबूत.

युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक) आधीचा फॉन्ट. त्या काळी 'क' ची अर्धी काठी एका रोमन अक्षराच्या घरात बसवायची आणि काना दुसऱ्याच्या. फॉन्ट यंत्रावर असेपर्यंत डोळ्याला मराठी दिसतं, फॉन्ट गेला की मूळची घरं उघडी पडतात. पीडीएफमध्ये फॉन्ट नाही, माझ्या लॅपटॉपवर नाही. घोस्टस्क्रिप्टने शहाण्यासारखा दुसरा एक रोमन फॉन्ट उचलला आणि तो नियमाप्रमाणे पोटात घातला. फॉन्ट पोटात आहे ना? आहे. मग पास.

बाईंच्या टेबलवरच्या जुन्या संगणकावर मात्र हेच पान स्वच्छ मराठीत दिसतं, कारण तो फॉन्ट तिथे आहे. म्हणून दहा-पंधरा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरा प्रयत्न: आधीचा मजकूर टाकून पानाचं चित्र करून नव्याने ओसीआर. चित्रही घोस्टस्क्रिप्टच काढतो, त्यामुळे चित्रात त्याच टोप्या. टेसरॅक्टने त्या टोप्या मराठी समजून इमानाने वाचल्या. निघालेला मजकूर इथे लिहिण्याच्या लायकीचा नाही.

११ मार्च, मंगळवार

त्या फॉन्टच्या मागे दिवस घालवला. जुन्या संगणकावरून तो आणता येईल, पण त्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते कोणालाच माहीत नाही. तो पोटात घालून फाइल जगभर पाठवायची कल्पना मला पटेना. जुन्या संगणकावरच पानांची चित्रं काढायची म्हटलं, तर तो पाचव्या पानाला बसतो.

चहाच्या वेळी हे सगळं बाईंना ऐकवलं. त्यांनी बिस्किट बुडवून झाल्यावर विचारलं, "अरे, पण छापील प्रती आहेत की कपाटात. त्या स्कॅन केल्या तर?"

दोन दिवस. ३०० डीपीआयला स्कॅन, मराठी मॉडेलने ओसीआर. मूळ डिजिटल फाइलीपेक्षा दिसायला थोडं उणं, पण वाचता येतं आणि शोधता येतं.

१३ मार्च, गुरुवार

किरकोळ तीन. दोघींना पासवर्ड होता, उघडायला लागत नाही पण बदल करू देत नाही असा. आपल्याच फाइली, पासवर्ड बाईंच्या वहीत सापडला. क्यूपीडीएफने कुलूप काढलं.

तिसरी सांगण्यासारखी. तिच्यात न छापली जाणारी एक टीप चिकटवलेली होती, आणि न छापली जाणारी टीप पीडीएफ/एमध्ये चालत नाही. ओसीआरमायपीडीएफने ती गुपचूप गाळली आणि फाइल पास झाली. गाळलं काय म्हणून मूळ फाइल उघडून बघितली, तर टिपेत लिहिलं होतं: 'पान ४२ आणि ४३ बांधणीत उलटी लागली आहेत.' बघितलं नसतं तर ती उलटीच राहिली असती. पानं सुलट केली, टीप मेटाडेटात वर्णन म्हणून ठेवली.

उद्या धुळवड, सुट्टी.

१७ मार्च, सोमवार

६१ तांत्रिकदृष्ट्या संपल्या. आता पाठवून मोकळं व्हावं, तर बाईंनी १९३४ च्या मासिकाचा ओसीआर मजकूर वाचायला घेतला आणि हाक मारली.

"हे तू शुद्धलेखन सुधारलंयस का?"

छापील पानात 'घरांत कांहीं नाहीं'. मजकुरात 'घरात काही नाही'. खाली 'काम केलें' चं 'काम केले'. पानभर तेच.

माझं पहिलं मत: मॉडेल आजच्या मराठीवर शिकलंय, म्हणून जुनं वळण त्याला नवं दिसतंय. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि उच्चार नसलेले अनुस्वार गेले, हे शाळेतच शिकलो. बाईंना तेच ऐकवलं. त्या म्हणाल्या, "पण 'केलें' म्हणजे एक काम, आणि 'केले' म्हणजे अनेक काहीतरी. त्या लोकांनी तो बिंदू उगाच नाही दिला." मुद्दा बिनतोड. ज्याला त्या काळची भाषा अभ्यासायची, त्याला ही फाइल चकवा देणार.

आणि माझं मत चुकीचं निघालं, म्हणजे बरंचसं. ओसीआरच्या आधी पान साफ करणारा अनपेपर नावाचा प्रोग्राम चालतो. त्याची नॉइज काढायची तीव्रता मुळात ४ असते, म्हणजे सुटे पडलेले चार काळे पिक्सेल असले तर पुसायचे. आधीच्या मुलाने ती २० करून ठेवली होती आणि मी ते सेटिंग तसंच उचललं. कारण कळतं, आमच्या कोकणातल्या दमट कपाटातून निघालेल्या कागदावर बुरशीचे ठिपके तांदूळ सांडल्यासारखे असतात. पण हे जुनं मासिक २०० डीपीआयला स्कॅन केलंय, त्यात पुसट छपाईचा अनुस्वार मोजला तर बारा-पंधरा पिक्सेलांचा. तोही ठिपकाच ठरला. साफसफाई फक्त ओसीआरला दाखवायच्या प्रतीवर होते, दिसणाऱ्या पानावर नाही. म्हणून डोळ्याला बिंदू दिसतो आणि मजकुरात नसतो.

एक पान हाताने मोजलं. छापलेले अनुस्वार ६३. तीव्रता २० ला मजकुरात २२. तीव्रता ४ ला ५५. साफसफाई पूर्ण बंद ठेवली तर ५८, पण बुरशीचे ठिपके सात ठिकाणी नवे अनुस्वार होऊन बसले. ४ वर ठेवलं. उरलेल्या आठांतले बरेचसे मॉडेलच्या खात्यावर.

१८ मार्च, मंगळवार

शोध चालतो का ते बघताना आणखी दोन गोष्टी.

'वाऱ्यावर' शोधलं, सापडेना, पान समोर उघडं असताना. तो वाकडा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकसारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. शोधाच्या यादीसाठी सुटा मजकूर वेगळा काढतो, त्यात सगळीकडे पहिली तऱ्हा करून टाकली. पीडीएफमध्ये चित्रामागे असलेल्या मजकुराच्या थराला हात लावला नाही.

आणि काही अंकांत सावरकरी बाराखडी आहे: 'अितिहास', 'अुपाय'. इतिहास शोधणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. इथेही पान आहे तसंच, फक्त शोधाच्या यादीत जोडीला 'इतिहास' घातला. मूळ लिपी बदलायची नाही, यावर बाई आणि मी पहिल्यांदाच एका सेकंदात एकमत.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. एका सभासदांनी वाचनालयाला नवा संगणक दिला, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. लॅपटॉपवर एका मासिकाला चाळीस मिनिटं लागत होती, इथे नऊ. अनुस्वारांसाठी सगळी मासिकं पुन्हा करायची असल्याने देवच पावला. काही खंडांत आधीच चांगला ओसीआर झालेली पानं आहेत, ती वगळायचा पर्याय लावून रात्रभर लावून ठेवलं.

२० मार्च, गुरुवार

रात्रीत ३४ खंड पूर्ण. व्हेरापीडीएफ: ३४ पास. पानं उघडून बघितली, सुंदर. दहा तारखेच्या टोप्या आठवून मजकूर कॉपी करूनही बघितला, पहिल्या खंडाचं पहिलं पान. बरोबर.

२१ मार्च, शुक्रवार

बरोबर नव्हतं. सातव्या खंडात एका लेखाचा मजकूर कॉपी केला, तर अक्षरं सगळी मराठीच, पण शब्द एकही नाही. 'ग' च्या जागी 'ठ', मात्रा भलत्याच व्यंजनावर. चित्र स्वच्छ, थर बिघडलेला. आणि बिघाड फक्त वगळलेल्या पानांवर, म्हणजे ज्यांना हात लावायचाच नव्हता त्यांच्यावर. नव्याने ओसीआर केलेली पानं ठणठणीत.

मॉडेल बदललं, भाषा बदलली, काही नाही. शेवटी ओसीआरमायपीडीएफची ताजी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात बसवली, तर तिने कामच करायला नकार दिला आणि कारण पण सांगितलं: घोस्टस्क्रिप्ट १०.०.० ते १०.०२.० या आवृत्त्या आधीच्या मजकुराचा थर बिघडवतात, १०.०२.१ किंवा पुढची घ्या. डेबियन १२ वर आहे १०.०.०. त्याच्याबरोबर आलेलं ओसीआरमायपीडीएफ या इशाऱ्याच्या आधीचं, म्हणून तोंडातून शब्द काढला नाही.

जुना लॅपटॉप ९ च्या मालिकेतल्या घोस्टस्क्रिप्टवर होता. त्याच्यावर मराठी शीर्षक अडलं, पण थर कधी बिघडला नाही. यंत्र सुधारलं आणि फाइली नासल्या.

व्हेरापीडीएफचा यात दोष नाही. २बी मध्ये मजकुराचा अर्थ तपासायचा नसतोच. '२यू' पातळी घेतली असती तरी तिचं म्हणणं एवढंच की प्रत्येक अक्षराला युनिकोड हवा. 'ठ' लाही युनिकोड आहे.

२४ मार्च, सोमवार

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर उबंटू २४.०४ आहे, त्यात घोस्टस्क्रिप्ट १०.०२.१. मूळ फाइलींवरून ३४ खंड पुन्हा. मूळ फाइली हार्डडिस्कवर वेगळ्या ठेवल्या होत्या, नाहीतर आज रडायची पाळी होती.

या वेळी एक छोटी स्क्रिप्ट जोडली. रूपांतराच्या आधी आणि नंतर प्रत्येक पानाचा मजकूर पीडीएफटूटेक्स्टने काढायचा, वगळलेल्या पानांवर दोन्ही जुळतात का बघायचं. जुळले नाहीत तर फाइल लाल फोल्डरात. लाल फोल्डरात चार पानं पडली, ती फक्त रिकाम्या जागांच्या फरकामुळे. सोडून दिली.

२६ मार्च, बुधवार

सगळं मिळून अकरा जीबी. फाइली मागवणाऱ्यांकडून सुचवणी आली की जेबिग२ दाबणी (काळ्या-पांढऱ्या चित्रांचा आकार कमी करायची पद्धत) थोडी 'लॉसी' ठेवा, आकार निम्मा होईल. नाही म्हणून कळवलं. त्या पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एकाचं चित्र सगळीकडे वापरतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन माणसाने दाखवलं होतं की अशा दाबणीमुळे कॉपी-स्कॅन यंत्रं कागदावरच्या ६ चा ८ करत होती. आमच्याकडे घ-ध, भ-म, ष-प अशा जोड्या आहेत, वर पुसट छपाई. आणि इथे चूक मजकुरात नाही, चित्रातच होते. मग पडताळायला फक्त कपाट उरतं. जेबिग२ 'लॉसलेस', म्हणजे काहीच न गमावणारं, ठेवलं, नऊ जीबीवर आलं. नऊ जीबी पेनड्राइव्हवर मावतात.

२८ मार्च, शुक्रवार

६० फाइली चढवल्या, जोडीला मासिकांच्या सुधारलेल्या प्रती. पोच आली.

एक राहिली: २००३ चा अहवाल. अकरांपैकी दहाच छापील प्रती कपाटात होत्या, हे इतके दिवस दोघांच्याही लक्षात आलं नाही. २००३ ची प्रत मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असेल, असं बाईंचं म्हणणं. त्याची किल्ली शिपाईकाकांकडे, आणि काका पाडव्यासाठी गावाला गेलेत. फोन केला, म्हणाले, "किल्ली देवळीत ठेवलीय, घडाळाच्या खाली." देवळीत घड्याळ आहे, किल्ली नाही. सोमवारी ते येतील. मुदतही सोमवारचीच. स्कॅनर आजच झाकण पुसून ठेवला.